शृंगेरीची लूट आणि आपल्याच दप्तरातली पत्रं

(बेळगावातल्या एका अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यात झालेली पुनरावृत्ती तेवढी काढली आहे, बाकी जसंच्या तसं.)

 

मला संयोजकांनी विषय दिला होता 'पेशवाईतल्या कर्नाटकातल्या मोहिमा'. विषय मोठा आहे आणि माझ्याकडे तासभर आहे. म्हणून मी त्यातलं एकच वर्ष घेणार आहे, १७९१. आणि त्या वर्षातली एकच गोष्ट, जी आपल्यापैकी बहुतेकांना ऐकायला आवडत नाही. मलाही आवडत नव्हती. आधी ते सांगतो.

मी शाळेत इतिहास शिकवत होतो. आमच्या शाळेत मराठी आणि कानडी दोन्ही माध्यमांचे वर्ग होते, स्टाफरूम मात्र एकच. त्यातले एक कानडीचे सर माझे चांगले स्नेही. डबा एकत्र, निवडणुकीची ड्युटी एकत्र. सीमाप्रश्नावर आमचं कधीच पटलं नाही, पण त्यावरून आवाज कधी चढला नाही. एके दिवशी मी नववीच्या वर्गावरून आलो, मराठ्यांनी अटकेपार झेंडे लावले वगैरे शिकवून, तोंडाला अजून फेस होता म्हणा ना. सरांनी चहाचा कप ठेवला आणि शांतपणे विचारलं, "सर, शृंगेरी कुणी लुटली?"

मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "ती इंग्रजांनी पिकवलेली कंडी आहे हो. मराठे मठ कसे लुटतील?"

ते म्हणाले, "बरं." आणि कप धुवायला उठून गेले.

मंडळी, त्या 'बरं'नं मला पुढची दोनतीन वर्षं झोंबत ठेवलं. कारण मी उत्तर दिलं खरं, पण मी त्याबद्दल एक ओळही वाचलेली नव्हती. इतिहासाचा मास्तर, आणि न वाचता ठोकून दिलं. वाद घालणाऱ्या माणसासमोर खोटं बोललं तर निदान तो भांडतो तरी. 'बरं' म्हणणाऱ्या माणसाला आपण काय केलं, हे आपलं आपल्याला कळतं.

तर आता १७९१. पण त्याला सहा वर्षं मागून सुरुवात करावी लागेल, नाहीतर धागा लागणार नाही.

नरगुंद आपल्या सगळ्यांना माहीत आहे. बहुतेकांना १८५८ मुळे, बाबासाहेब भाव्यांमुळे. पण त्यांच्या आधीच्या पिढ्यांतले व्यंकटराव भावे टिपू सुलतानाच्या तडाख्यात सापडले होते, ते १७८५ साली. कृष्णा आणि तुंगभद्रा यांच्या मधला हा सगळा पट्टा त्या काळी कायम ओढाताणीत. कधी हैदर, कधी पुणे. नरगुंदकर टिपूला खंडणी देणारे, पण ओढा पुण्याकडे. टिपूनं खंडणी वाढवून मागितली, यांनी नकार दिला, वेढा पडला. दिवाण काळोपंत पेठे यांनी किल्ला बराच काळ झुंजवला. पुण्याहून परशुरामभाऊ पटवर्धन मदतीला आले, पण ती मदत पुरी पडली नाही. शेवटी जिवाची हमी घेऊन व्यंकटराव खाली उतरले. ती हमी पाळली गेली नाही. व्यंकटराव आणि काळोपंत बेड्या घालून कब्बळदुर्गाला गेले. कब्बळदुर्ग म्हणजे म्हैसूरच्या राज्यातला कैद्यांचा डोंगर, तिथली हवा आणि पाणी माणसाला हळूहळू खातं म्हणून प्रसिद्ध. त्याच सुमारास कित्तूरही टिपूनं घेतलं.

ह्या गोष्टीचा पटवर्धनांना किती चटका बसला असेल ते वेगळं सांगायला नको. भावे त्यांचे नात्यागोत्यातले. मग १७८६ मध्ये नाना फडणीस, हरिपंत फडके, होळकर आणि निजामाची फौज असे सगळे मिळून आले, बदामी घेतली, गजेंद्रगडला लढाई झाली आणि १७८७ साली तह झाला. नरगुंद, कित्तूर, बदामी परत मिळाले. पण हा तह म्हणजे दोन्ही बाजूंनी दम खाण्यासाठी घेतलेली विश्रांती होती. १७८९ च्या डिसेंबरात टिपूनं त्रावणकोरच्या तटबंदीवर हल्ला केला, इंग्रजांना हवं ते निमित्त मिळालं, आणि १७९० मध्ये इंग्रज, निजाम आणि पेशवे अशी त्रयींची युती टिपूविरुद्ध उभी राहिली.

आपल्या बाजूनं मुख्य सरदार दोन. हरिपंत आणि परशुरामभाऊ. भाऊंच्या वाट्याला पहिलं काम आलं ते धारवाडचं. सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत, सहा महिन्यांहून जास्त, धारवाडला वेढा चालला. आत टिपूचा किल्लेदार बद्रुज्जमानखान. बाहेर भाऊंची फौज आणि त्यांच्याबरोबर मुंबईहून आलेली कॅप्टन लिटल यांची पलटण. त्या पलटणीत एडवर्ड मूर नावाचा एक तरुण अधिकारी होता. त्यानं पुढे १७९४ मध्ये ह्या मोहिमेवर पुस्तक लिहिलं. मराठी तोफखान्याचं त्याचं वर्णन वाचताना हसावं की रडावं कळत नाही. तोफ भरायची, मग गोलंदाज बसून गप्पा मारणार, चिलीम ओढणार, अर्ध्या तासानं ती उडवणार. दुपारी जेवणाची वेळ झाली की दोन्हीकडून मारा बंद, जसं काही ठरलेलंच. मूर इंग्रज होता, आपल्याबद्दल त्याच्या मनात थोडी तुच्छता होती, हे मान्य. पण सहा महिने लागले हे काही त्यानं रचलेलं नाही.

सहा महिन्यांचा वेढा म्हणजे काय, हे जरा थांबून बघूया. कारण पुढच्या गोष्टीची किल्ली इथं आहे.

त्या काळची फौज म्हणजे नुसते शिपाई आणि घोडेस्वार नव्हेत. लढणाऱ्या एका माणसामागे न लढणारी कितीतरी माणसं. बाजार, खलाशी, बैलवाले, बायकापोरं. आणि दोन मोठे घटक, लमाण आणि पेंढारी. लमाण म्हणजे बैलांच्या तांड्यावरून धान्य आणि मीठ वाहून आणणारे. त्यांच्याशिवाय कुठलीच फौज चार दिवस टिकत नव्हती, इंग्रजांचीसुद्धा नाही. पेंढारी म्हणजे पगार नसलेले स्वार. त्यांचा पगार म्हणजे लूट. ते फौजेच्या पुढे आणि बाजूला पसरत, शत्रूचा मुलूख उजाड करत, आणि लुटीतला काही वाटा वर पोहोचवत. ही पद्धत होती, चोरून चाललेला प्रकार नव्हे. सरदाराकडे पैसा नसायचा, सावकारांचं कर्ज असायचं, पुण्याहून तनखा वेळेवर यायचा नाही. मग मुलूख खायचा. शत्रूचा मुलूख खाल्ला की दोन कामं होतात, आपलं पोट भरतं आणि त्याचं रिकामं होतं. हा त्या काळच्या युद्धाचा हिशेब होता आणि टिपूही तोच करत होता. वाटेतली गवताची गंजी आणि धान्याची पेवं जाळून तो शत्रूला उपाशी मारायचा.

एप्रिलच्या सुरुवातीला धारवाड पडलं. किल्ला सोडून निघालेल्या शिबंदीवर वाटेत हल्ला झाला आणि बद्रुज्जमानखान जखमी होऊन कैदेत पडला. करार कुणी आधी मोडला यावर दोन्हीकडून वेगवेगळं सांगितलं गेलं. पण १७८५ चं नरगुंद तिथं प्रत्येकाच्या डोक्यात असणार, हे मला स्पष्ट दिसतं.

आणि मग ही सहा महिने एका जागी बसून भुकेली झालेली फौज तुंगभद्रेच्या पलीकडे सुटली.

नकाशा डोळ्यांपुढे आणा. धारवाड, हावेरी, हरिहर, मग शिमोगा. शिमोग्याच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला मलनाड. दाट झाडी, सुपारीच्या बागा, पाऊस. त्या मलनाडात तुंगेच्या काठी शृंगेरी. आद्य शंकराचार्यांनी स्थापलेलं म्हणून ज्याची परंपरा सांगितली जाते ते शारदेचं पीठ. ह्या पीठाला विजयनगरापासून जमिनी मिळाल्या, केळदीच्या नायकांनी दिल्या, हैदरानंही मान ठेवला. महाराष्ट्रातल्या स्मार्त ब्राह्मणांच्या लेखी तर ते गुरुपीठच. म्हणजे पुण्याच्या दृष्टीनं हे काही शत्रूचं ठाणं नव्हतं. शत्रूच्या मुलखातलं आपलंच देवघर होतं.

ते लुटलं गेलं. एप्रिल १७९१.

ज्यांची टोळी तिथं गेली ते पटवर्धन घराण्यातलेच सरदार, रघुनाथराव, कुरुंदवाडचे. कुरुंदवाड म्हणजे कुठं दूर नाही. आपण नरसोबाच्या वाडीला जातो ना, तिथून हाकेच्या अंतरावर. त्यांच्या फौजेबरोबरचे लमाण आणि पेंढारी शृंगेरीवर पडले. मठाचा खजिना, भांडीकुंडी, हत्ती, जे हाताला लागलं ते. शारदेची मूर्ती जागेवरून हलवली गेली. माणसं मारली गेली. मठाच्या बाजूनं नुकसानीचा आकडा ६० लाखांचा सांगितला जातो. आकडा मला मोठा वाटतो, पण समजा त्याचा दहावा हिस्सा असला तरी काय फरक पडतो? त्या वेळचे जगद्गुरू तिसरे सच्चिदानंद भारती यांना शृंगेरी सोडून कारकळला जाऊन राहावं लागलं.

आता तुम्ही विचाराल, हे कुणी सांगितलं? टिपूनं? इंग्रजांनी? तेच तर मी सरांना म्हणालो होतो.

हे सांगितलं आपल्याच दप्तरानं.

मिरजेला वासुदेवशास्त्री खरे नावाचे संस्कृतचे शिक्षक होते. हायस्कुलात शिकवायचे, नाटकंही लिहायचे. त्यांनी पटवर्धनांच्या दप्तरातली मोडी पत्रं वर्षानुवर्षं बसून वाचली, उतरवून घेतली आणि 'ऐतिहासिक लेखसंग्रह' या नावानं खंडामागून खंड छापले. १९२४ साली ते गेले तोपर्यंत हे काम चालू होतं. आज आपण पेशवाईच्या उत्तरार्धाबद्दल जे काही ठामपणे बोलतो, त्यातलं बरंच ह्या एका मास्तरांच्या डोळ्यांवर उभं आहे.

त्या खंडांत, ह्याच मोहिमेच्या काळातल्या पत्रांत, शृंगेरीची हकिगत आहे. लष्करातल्या आपल्याच माणसानं मराठीत लिहिलेली. लमाण-पेंढाऱ्यांनी स्वामींना लुटलं, त्यांचा दंड आणि कमंडलूसुद्धा ठेवला नाही. बायकांची अब्रू घेतली, त्यातल्या काहींनी जीव दिले. स्वामींनी उपोषण मांडलं. लिहिणाऱ्याला हे लिहिताना लाज वाटते आहे, हे दोनशे वर्षांनंतरही कळतं.

मंडळी, मी ती पानं पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. आणि मला लूट करणाऱ्यांपेक्षाही आधी खरेशास्त्री आठवले. विचार करा. मिरज म्हणजे पटवर्धनांचं संस्थान. शास्त्रीबुवा त्या संस्थानच्या गावात नोकरी करणारे. दप्तर पटवर्धनांचं. आणि त्यातलं पटवर्धनांच्या फौजेचं सगळ्यात काळं पान त्यांनी गाळलं नाही. गाळलं असतं तर कोण विचारणार होतं? मोडी वाचणारे किती, ते रुमाल सोडून बघणारे किती? त्यांनी छापलं. आणि मी, त्यांच्यानंतर इतक्या वर्षांनी, छापलेलं पुस्तक ग्रंथालयात पडलेलं असताना, म्हणालो की कंडी आहे.

दुसऱ्या बाजूची पत्रं कानडीत आहेत. १९१६ साली म्हैसूर संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख आर. नरसिंहाचार यांना शृंगेरी मठात टिपू सुलतानाच्या पत्रांचा जुडगा सापडला. टिपूनं स्वामींना लिहिलेली. लुटीबद्दल खेद, असं पाप करणाऱ्यांना त्याचं फळ भोगावं लागेल अशा अर्थाचं संस्कृत वचन, आणि मग प्रत्यक्ष हुकूम. बिदनूरच्या अंमलदाराला सांगितलं, शारदेच्या पुनःप्रतिष्ठेसाठी २०० राहती रोख आणि तितक्याच किमतीचं धान्य मठाला द्या. राहती म्हणजे सोन्याचं नाणं. पुढे शतचंडी, सहस्रचंडीचे जप करायला सांगितले, शत्रूंच्या नाशासाठी, खर्च सरकारातून. ते शत्रू म्हणजे त्या घडीला आपण.

म्हणजे बघा काय चित्र आहे. गणपतीची उपासना करणाऱ्या चित्पावन सरदाराच्या फौजेनं शारदेचं पीठ लुटलं, आणि मुसलमान सुलतानानं मूर्ती परत बसवायला पैसे दिले. हे वाक्य मोबाइलवर फिरवायला दोन्हीकडच्या लोकांना फार आवडतं. काहींना मराठ्यांना झोडपायला, काहींना टिपूला संत करायला. मला दोन्हींचा कंटाळा आहे.

टिपूबद्दल दोन शब्द बोलतो, कारण ते न बोलता पुढं गेलो तर अर्धं सांगितल्यासारखं होईल. हाच टिपू, ज्यानं शृंगेरीला धान्य पाठवलं, त्यानं १७८४ साली मंगळूरच्या बाजूच्या कॅथलिक लोकांना एकाच वेळी पकडून हजारोंच्या संख्येनं श्रीरंगपट्टणला हाकलत नेलं. ही कोंकणी बोलणारी माणसं. त्यांच्यातल्या पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून गेलेले. गोव्यातली जी मंडळी आज इथं आली आहेत त्यांना हे सांगायला नको. वाटेत आणि कैदेत किती मेले, किती जणांचा धर्म जबरदस्तीनं बदलला. सुटका झाली ती १७९९ नंतर. कोडगूच्या लोकांनाही त्यानं असंच उचललं. तर टिपूच्या मनात शारदेबद्दल आदर नव्हता असं मी म्हणत नाही. शृंगेरीशी त्याचा आणि त्याच्या बापाचा संबंध लुटीच्या आधीपासूनचा होता. पण मंगळूरचे ख्रिस्ती इंग्रजांना फितूर आहेत अशी त्याची खात्री होती, आणि शृंगेरीचे स्वामी आपल्या बाजूचे आहेत अशीही. त्याप्रमाणे तो वागला. शिवाय १७९१ च्या उन्हाळ्यात तीन फौजा त्याच्या राजधानीकडे निघाल्या होत्या. मलनाडातल्या लोकांचा भरवसा त्याला तेव्हा फार हवा होता.

आणि ह्याच तराजूत आपल्याला घालायचं तर आपलं काय दिसतं? आपण शृंगेरी धर्मासाठी लुटली नाही, आणि धर्मानं आपल्याला अडवलंही नाही. मला वाटतं, ह्यातलं दुसरं जास्त वाईट.

आता सबबी. ह्या विषयावर मी कुठेही बोललो की सभा संपल्यावर हमखास कुणीतरी बाजूला घेतं आणि म्हणतं, "सर, पण ते मराठे नव्हतेच ना, पेंढारी होते." खरं आहे, पेंढारी होते. पण पेंढारी आकाशातून पडले नव्हते. रघुनाथरावांच्या निशाणाखाली आले, भाऊंच्या मोहिमेत आले, आणि लुटीवर जगण्याचा परवाना त्यांना आपणच दिलेला. घरात कुत्रा आपण पाळायचा, त्याला चारायचं नाही, आणि शेजाऱ्याला चावल्यावर म्हणायचं, छे छे, कुत्र्यानं केलं.

आणि लमाणांचं तर मला जास्तच टोचतं. पत्रात त्यांचं नाव आहे, मी ते गाळणार नाही. पण आपण किती चटकन हे नाव पुढं करतो बघा. विजापूर, बागलकोटकडचे तांडे आपल्याला माहीत आहेत. माझ्या वर्गात तांड्यावरची मुलं होती. सगळ्यात खालच्या माणसाच्या डोक्यावर पाप ठेवून सरदाराला पालखीत बसवून घरी पाठवायचं, ही आपली जुनी सवय आहे. त्याच लमाणांच्या बैलांवर भाऊंची फौज पोसली गेली. मे महिन्याच्या अखेरीस भाऊ आणि हरिपंत मेलकोट्याजवळ लॉर्ड कॉर्नवॉलिसला जाऊन मिळाले, तेव्हा इंग्रजांची अवस्था काय होती? बैल मेलेले, धान्य संपलेलं, किल्ल्यावर लावायच्या मोठ्या तोफा त्यांनी स्वतःच्या हातानं फोडून टाकलेल्या. मराठी बाजार आला म्हणून ते जगले. त्या बाजारात कुठकुठचा माल मिळत होता ह्याचं इंग्रज अधिकाऱ्यांनी मोठ्या अचंब्यानं वर्णन केलं आहे. भाव मात्र चढे होते असंही लिहिलंय. आपल्या माणसानं भाव सोडला नाही, ह्याचा मला त्यातल्या त्यात गमतीशीर आनंद आहे.

दुसरी सबब म्हणजे नरगुंदचा सूड. "त्यांनी नरगुंदला तसं केलं, मग आपण..." मी म्हणतो, नरगुंदचा सूड धारवाडला घ्या, बद्रुज्जमानवर घ्या. तो घेतलाच. शृंगेरीच्या स्वामींनी नरगुंदचं काय वाकडं केलं होतं? आणि व्यंकटरावांना जर विचारता आलं असतं, की तुमच्या बेड्यांच्या बदल्यात आम्ही शारदेच्या दारातल्या बायकांवर हात टाकतो, तर ते काय म्हणाले असते?

मठाची तक्रार पुण्यापर्यंत गेली. लुटीचा माल परत करावा असं पुण्याहून भाऊंना लिहिलं गेलं. म्हणजे पुण्यालाही हे झाकण्यासारखं वाटलं नाही, निस्तरण्यासारखं वाटलं. पण पेंढाऱ्यांनी नेलेली वस्तू परत येणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा. सोनं वितळतं, भांडं मोडीत जातं.

युद्ध पुढे चालू राहिलं. वर्ष संपता संपता भाऊ पुन्हा शिमोग्यावर गेले. डिसेंबरच्या अखेरीस लढाई झाली, ती मुख्यतः कॅप्टन लिटलच्या पलटणीनं जिंकून दिली, आणि जानेवारी १७९२ मध्ये शिमोगा पडलं. मग श्रीरंगपट्टणला वेळेवर पोहोचायचं सोडून भाऊंची फौज बिदनूरच्या मुलखात पुन्हा लुटीला लागली. ते राजधानीजवळ पोहोचले तेव्हा तोफा थांबलेल्या होत्या. तह झाला, टिपूचं अर्धं राज्य गेलं, ३ कोटी ३० लाखांचा दंड बसला, दोन मुलं ओलीस गेली. वाटणीत पेशव्यांची हद्द तुंगभद्रेला जाऊन भिडली. धारवाड त्यातच आलं, आणि १८१८ पर्यंत पेशव्यांच्या कारभारात राहिलं. आज आपण ज्या दप्तरी पुराव्यांबद्दल बोलतो, मराठी फडनिशी, मराठी वसूल, त्यातला एक मोठा भाग ह्या मोहिमेनं आलेला आहे. म्हणजे जी मोहीम आपण पुरावा म्हणून पुढं करतो, शृंगेरी तिच्या आत आहे. मोहीम घेतली तर तीही घ्यावी लागते.

परशुरामभाऊ १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत पडले, कोल्हापूरकरांशी लढताना. माणूस शूर होता, यात शंका नाही. खर्ड्याला जखमी झाला तरी मागे हटला नाही. मी त्यांना खाली खेचायला आलेलो नाही. मी फक्त एवढंच म्हणतोय की त्यांच्या चरित्रात खर्डा असेल तर शृंगेरीही असू दे.

आता त्या सरांकडे परत येतो.

निवृत्तीनंतर एका रविवारी मी खऱ्यांच्या त्या पानांच्या झेरॉक्स घेऊन त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी उप्पीट केलं होतं. मी म्हणालो, "सर, मागे तुम्ही मला एक विचारलं होतं. मी चुकीचं उत्तर दिलं." त्यांना आठवलंच नाही आधी. मग आठवलं आणि ते हसले. मी मराठी पत्र वाचून दाखवलं. त्यांना मराठी समजतं, पण ते अडीचशे वर्षांपूर्वीच्या वळणाचं मराठी, मध्येमध्ये मला थांबून सांगावं लागलं. बायकांबद्दलच्या ओळीपाशी आलो तेव्हा वहिनी आत निघून गेल्या. सर काही बोलले नाहीत. मग उठून त्यांनी कपाटातून टिपूच्या पत्रांची छापील प्रत काढली, कानडीतली, आणि त्यांनी वाचायचं, मी ऐकायचं, असं सुरू झालं. मध्ये त्यांनी विचारलं, "नरगुंदचं काय झालं होतं हो नक्की?" मी सांगितलं. काळोपंतांचं नाव त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. मंगळूरचं मात्र त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांच्या सुनेचं माहेर तिकडचं.

तेव्हापासून महिन्यातून एक रविवार आम्ही बसतो. सीमाप्रश्नावर अजूनही पटत नाही. गेल्या वेळी जाताना ते दारात म्हणाले, "सर, पुढच्या वेळी नरगुंदची पत्रं आणा. पण मोडी नको, छापील आणा, डोळे चालत नाहीत."

ती काढून ठेवली आहेत. शृंगेरीच्या पानांचे चार संच मी इथं आणले आहेत, मागच्या टेबलावर आहेत. वाचायला न्या, पण कृपा करून परत आणून द्या, झेरॉक्सवाला दर वेळी भाव वाढवतो.